मनोरमेची आई

पंडिता रमाबाईंबद्दल वाचताना हल्ली माझं लक्ष भलतीकडेच जातं. फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा गेला तेव्हा मनोरमा जेमतेम दहा महिन्यांची. त्याच वर्षी बाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं आणि वर इंग्रजीचे धडे! इथे आमचे चिरंजीव झोपले म्हणून पुस्तक उघडावं, तर दोन पानांत "आई, पाणी".

१८८३ मध्ये त्या शिकायला इंग्लंडला निघाल्या. दोन वर्षांच्या लेकीला बरोबर घेऊन. तिथे अभ्यास चालूच, शिवाय मनोरमेला धर्म कोणी आणि कसा शिकवायचा यावरून सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून खडाजंगी. ज्यांच्या आधाराने शिकायचं त्यांच्याशीच, बरं का!