मागच्या पगारावरचं व्याज

मैत्रिणींनो, बचत गटाचा हप्ता थकला की व्याज लागतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण बेकायदा कामावरून काढलेल्या बाईचा पगार मालकाकडे सात-सात वर्षं अडकला, तर त्यावर व्याज मागायचं हे सुचतच नाही. आम्ही पवनाकाठच्या पिंपळे गुरवच्या. पिंपरी, भोसरीचे कारखाने हाकेच्या अंतरावर. कोर्टातून मागचा पगार मिळाला की इथं लोक म्हणतात, देव पावला. व्याजाचं नाव कुणी काढत नाही. म्हणून आज त्या व्याजाचा इतिहास.

तो वाटतो त्याहून जुना आहे. कंपनी सरकारच्या काळात, १८३९ साली, व्याजाचा कायदा झाला. ठरलेली रक्कम थकली आणि ‘यावर व्याज घेणार’ असं लेखी कळवलं असलं, तर कोर्टाला व्याज देववता येई. १९७८ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. त्यात न्यायाधिकरणंही आली. लेखी कळवण्याची गोष्ट मात्र टिकून राहिली.

कामगाराचं गाडं त्याच्या आधीच अडायचं. काम केलं नाही, मग पगार कसला? १९७८ सालीच सुप्रीम कोर्टानं हिंदुस्थान टिन वर्क्सच्या खटल्यात सांगितलं की बेकायदा काढलं असेल तर पूर्ण मागचा पगार हाच साधारण नियम. (त्या कामगारांच्या पदरात मात्र पाऊण पगारच पडला.) पुढं २००७ च्या जे. के. सिंथेटिक्सच्या निकालानं वारं फिरलं, आणि त्याचा फटका आपल्याच राज्यातल्या एका शिक्षिकेला बसला.

तेव्हाच्या औरंगाबादेतली ही प्राथमिक शाळा. २००५ साली महापालिकेनं इमारतीवर ७९,९७४ रुपयांचा कर लावला. मुख्याध्यापिकेनं नोकरदारांना पत्र दिलं, की प्रत्येकानं महिन्याला १,५०० रुपये द्या. दीपाली सुरवसे यांनी नकार दिला. मग मेमो सुरू झाले, एकूण २५! नोव्हेंबर २००६ मध्ये निलंबन, जून २००७ मध्ये बडतर्फी. २००९ साली शाळा न्यायाधिकरणानं बडतर्फी रद्द करून पूर्ण मागचा पगार द्यायला सांगितला. हायकोर्टानं नोकरी राखली, पगार काढून घेतला. बाई सुप्रीम कोर्टात गेल्या.

१२ ऑगस्ट २०१३ चा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. काढलेल्या माणसानं ‘मला दुसरीकडे कमाई नव्हती’ एवढं सांगायचं. होती म्हणायचं असेल तर ते मालकानं सिद्ध करायचं. कोर्टात वर्षं गेली म्हणून पगार कापायचा नाही, कारण तो उशीर कामगाराच्या माथी मारता येत नाही. आणि शेवटी हुकूम: चार महिन्यांत पूर्ण पगार द्या, नाहीतर निलंबनाच्या तारखेपासून ९ टक्के व्याज.

ही ‘नाहीतर’ आम्हाला खटकते. व्याज आलं ते चाबूक म्हणून. चार महिन्यांच्या आत पैसे दिले की आधीच्या सगळ्या वर्षांचं व्याज माफ! त्या वर्षांत घर चालवायला बाई हातउसनं घेते, दागिना गहाण टाकते, आणि त्याचं व्याज तिला कुणी माफ करत नाही. तरी एक दार उघडलं, हे खरं. थकलेल्या पगाराला मागच्या तारखेपासून व्याज लावता येतं, हे देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाच्या कागदावर आलं.

म्हणून मालकाला पहिली नोटीस जाईल तेव्हाच त्यात लिहायचं, की थकलेल्या पगारावर व्याज हवं, अमुक तारखेपासून. कोर्टातल्या मागणीतही तेच पुन्हा, आणि दुसरीकडे कमाई नव्हती हेही. वकील म्हणतील ‘नंतर बघू’. तेव्हा हिशेब पुढं ठेवा. एक लाख थकले तर ९ टक्क्यांनी महिन्याला ७५० रुपये होतात. आणि खटल्याचं नाव चिठ्ठीवर लिहून न्या: दीपाली गुंडू सुरवसे विरुद्ध क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालय, २०१३.