मागे जाऊन बसलेला उपसर्ग

मी इंग्रजी चौथीत असताना आमच्या वर्गातील एका मुलाने भाषांतराच्या वहीत 'ही पुट आउट द लॅम्प' या वाक्याचे 'त्याने दिवा बाहेर ठेवला' असे मराठी केले, आणि मास्तरांनी ते तांबड्या शाईने आडवे कापून वर 'विझवला' एवढा एकच शब्द लिहिला. वही परत मिळाल्यावर त्या मुलाने कोश उघडून पाहिला. 'पुट' म्हणजे ठेवणे आणि 'आउट' म्हणजे बाहेर, हे दोन्ही अर्थ त्याला तेथे जसेच्या तसे सापडले. आणि दोन्ही साक्षीदारांनी आपल्या बाजूने जबानी दिली असताना निकाल आपल्याविरुद्ध कसा लागला, हे काही त्या बिचाऱ्याला उमगले नाही. मास्तरांनी त्याचा खुलासा केला नाही, कारण त्यांच्या मास्तरांनी त्यांना तो केलेला नव्हता. असली जोडक्रियापदे मुकाट्याने पाठ करावयाची असतात अशी त्या काळची वहिवाट होती, आणि वहिवाटीला कारण विचारण्याचा प्रघात आपल्याकडे नाही.

'गिव्ह अप', 'पुट ऑफ', 'सेट इन' अशा या जोडप्यांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मिळाले त्याला अद्याप फार काळ लोटलेला नाही. अमेरिकेत जन्मून इंग्लंडात स्थायिक झालेल्या लोगन पिअर्सल स्मिथ या निबंधकाराने १९२५ साली 'वर्ड्‌झ अँड इडियम्स' या आपल्या ग्रंथात ते रूढ केले, आणि ते ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविल्याचे प्रांजळपणे नमूदही केले. बारसे असे विसाव्या शतकात झाले खरे. पण मूल तोवर जवळजवळ आठशे वर्षांचे झालेले होते, आणि त्याच्या पूर्वजांचा माग काढू लागले तर तो आपल्याच देवघरापर्यंत येऊन पोहोचतो.

संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येकास 'हृ' धातूचे आख्यान ठाऊक असते. हरण करणे एवढाच ज्याचा साधा अर्थ, त्याच्याआधी 'प्र' लागला की प्रहार होतो, 'आ' लागला की आहार, 'वि' लागला की विहार आणि 'सम्' लागला की संहार. धातू एकच, पण उपसर्ग त्याचे बखोट धरून त्याला भलतीकडेच घेऊन जातो. इंग्रजीतील 'अप', 'आउट', 'ऑफ' आणि 'ओव्हर' हे शब्द या उपसर्गांच्या गोत्रातलेच होत: 'अप' हा आपल्या 'उप'चा, 'आउट' हा 'उद्'चा, 'ऑफ' हा 'अप'चा आणि 'ओव्हर' हा 'उपरि'चा दूरचा भाऊबंद आहे, हे तौलनिक भाषाशास्त्राने केव्हाच सिद्ध केले आहे. फरक एवढाच की आपला उपसर्ग धातूच्या पुढे उभा राहतो आणि इंग्रजांचा मागे जाऊन बसतो. पण हाही भेद सनातन नाही. उपसर्ग धातूच्या आधी यावा असा नियम सांगून झाल्यावर पाणिनीने लगोलग दोन अपवाद नोंदविले आहेत, की वेदांत तो धातूच्या नंतरही येतो आणि दोहोंच्या मध्ये दुसरे शब्दही येऊ शकतात. म्हणजे उपसर्ग हा मूळचा धातूचा बांधील गडी नव्हताच. तो वाक्यात मोकळेपणाने हिंडणारा स्वतंत्र असामी होता, आणि आपल्याकडे त्याला पुढे कायमचे वतन मिळाले इतकेच.

प्राचीन इंग्रजीतही त्याची नेमणूक बहुधा पुढेच होती. 'फर्गिव्ह', 'अंडरस्टँड', 'विदस्टँड' ही क्रियापदे त्या अमदानीतली उरलेली साक्ष आहे. 'अंडरस्टँड'मध्ये 'खाली उभे राहणे' दडलेले असून त्याचा अर्थ 'समजणे' का व्हावा, हे आज कोणी इंग्रज विचारीत नाही, कारण दोन्ही तुकडे एकजीव होऊन गेले आहेत. परंतु कालांतराने क्रियापदाच्या पुढची ही आघातहीन अक्षरे झिजू लागली, त्यांचा अर्थ पुसट झाला, नवे शब्द घडविण्याची त्यांची ताकद ओसरली, आणि त्यांचे काम क्रियापदाच्या मागे येणाऱ्या ठसठशीत अव्ययांकडे आले.

हे स्थित्यंतर प्रत्यक्ष घडताना पाहावयाचे असेल तर पीटरबरोच्या मठातील बखर उघडावी. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात फ्रेंच आणि धर्मपीठात लॅटिन भाषा चालू झाली; तरी या एका मठातील भिक्षूंनी साली-साली घडलेल्या गोष्टी देशभाषेत टिपून ठेवण्याचा परिपाठ ११५४ पर्यंत सोडला नाही, आणि ते हस्तलिखित आज ऑक्सफर्डच्या बॉडली ग्रंथालयात आहे. या मठावर पहिल्या हेन्री राजाने आपला एक नातलग, प्वातूचा हेन्री, मठाधिपती म्हणून आणून बसविला होता. त्याच्यावर बखरकाराचा इतका रोष, की मधमाश्यांनी आणलेले सारे आयते गट्ट करणाऱ्या पोळ्यातल्या नरमाशीची उपमा त्याने त्याला दिली आहे. पुढे या मठाधिपतीने हा मठ फ्रान्सातील क्लूनीच्या मठाच्या अंमलाखाली घालण्याचा घाट घातला, तेव्हा राजाचे डोळे उघडले. आणि ११३२ सालच्या नोंदीत बखरकार समाधानाने लिहितो की राजाने त्याला मठाची गादी सोडावयास लावली व देशाबाहेर काढले. येथे 'सोडणे' या अर्थी त्याने जे शब्द योजले आहेत ते जुन्या लेखनातले 'गिव्ह अप' हेच होत. त्याच हाताने लिहिलेल्या ११३७ च्या नोंदीत ते पुन्हा भेटतात: स्टीफन राजाने सॉल्सबरीचा बिशप रॉजर व त्याचे आप्त यांना अटकेत टाकले, आणि किल्ले खाली करून देईपर्यंत सोडले नाही. दोन्ही ठिकाणी देणे हे खरोखरीचे देणे आहे. गादी असो वा किल्ला, एका हातातली वस्तू दुसऱ्या हातात जाते. घेणारा नाहीसा होऊन नुसते सोडणे उरले ते मागाहून.

पीटरबरो हे गाव इंग्लंडच्या त्या पूर्वभागात आहे, जेथे नवव्या शतकापासून डेन लोकांची वस्ती व अंमल होता, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. या उत्तरेकडील लोकांच्या भाषेतून पुढचे उपसर्ग आधीच गळून पडलेले होते, आणि मागे अव्यय जोडण्याची चाल तिच्यात पक्की झालेली होती. 'गिव्ह अप'ला शब्दशः जुळणारी जोडी तिच्यात होती. शिवाय 'टेक' आणि 'गेट' ही क्रियापदे मुळात तिच्यातलीच, आणि 'गिव्ह'मधला कठोर 'ग' हाही तिचाच संस्कार. ज्या तीन क्रियापदांनी आमच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या सळो की पळो केले, ती तिन्ही अशी या दर्यावर्दी लोकांच्या गलबतांशी संबंध सांगणारी आहेत.

दरम्यान फ्रेंच व लॅटिन शब्दांचा लोंढा आला, आणि एकाच भाषेच्या वाड्यात दोन दिवाणखाने झाले. 'पोस्टपोन' या लॅटिनोद्भव शब्दाची फोड केली तर 'नंतर ठेवणे' एवढीच निघते. 'पुट ऑफ' म्हणजे 'दूर ठेवणे'. रचना तीच, पण एकाचा उपसर्ग संस्कृताप्रमाणे पुढे चिकटलेला आणि दुसऱ्याचा मागे सुटा. पहिला न्यायासनावर शोभतो, दुसरा स्वयंपाकघरात. मराठी माणसाला ही व्यवस्था अपरिचित वाटण्याचे कारण नाही. आपण सभा स्थगित करतो, मुकदमा तहकूब करतो आणि मुलीचे लग्न लांबणीवर टाकतो; पंडित, कारकून आणि गृहस्थ यांनी एकाच क्रियेसाठी तीन वेगळी वस्त्रे आपल्याकडेही शिवून ठेवली आहेत.

परक्या माणसाची या बाबतीत होणारी कुचंबणा ओळखणारा पहिला मोठा कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन. १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत त्याने 'फॉल ऑन' म्हणजे हल्ला करणे, 'सेट आउट' म्हणजे प्रवासाला निघणे, 'बेअर आउट' म्हणजे समर्थन करणे, अशी उदाहरणांची माळच दिली, परकीयांना सर्वांत अवघड जाते ते हेच असे सांगितले, आणि म्हणून अशी जोडपी आपण कसून टिपल्याचा निर्वाळा दिला. या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास काय होते याचे उदाहरण १९३० मध्ये केंब्रिजच्या सी. के. ऑग्डेन यांनी घालून दिले. जगाने इंग्रजी सहज शिकावे म्हणून त्यांनी 'बेसिक इंग्लिश' नावाची अवघ्या ८५० शब्दांची भाषा बेतली व तीत क्रियापदे ठेवली फक्त १८. बाकीच्यांचा कारभार 'पुट', 'टेक', 'गेट' यांना अव्यये जोडून भागवावयाचा! शब्दांची गंगाजळी त्यामुळे हलकी झाली, पण एकेका शब्दावरील अर्थाचे ओझे वाढले. आणि ज्या जागी शिकाऊ माणूस हमखास घसरतो, नेमका तेथूनच राजरस्ता काढला गेला. याउलट ए. एस. हॉर्नबी आणि त्यांचे दोन सहकारी जपानात इंग्रजी शिकवीत असताना विद्यार्थ्यांच्या रोजच्या अडचणी न्याहाळीत राहिले, आणि वाक्प्रचार व वाक्यरचना यांवरच भर देणारा एक कोश त्यांनी सिद्ध केला. तो १९४२ साली, ऐन युद्धात, टोकिओमध्ये छापला गेला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो आपलासा केला, आणि आज शिकाऊ लोकांचा म्हणून जो कोश घरोघर आढळतो तो त्याचाच वंशज.

आता उलट बाजूही पाहावी. मोल्सवर्थसाहेबांनी आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडीसाहेबांनी १८४७ साली पुरा केला. मराठीचा असा संसार मांडणाऱ्या साहेबांना, हाक मारल्याने कोणासही इजा कशी होत नाही, नारळ वाढविला की त्याची शकले का होतात, आणि वाण्याने दुकान वाढविले म्हणजे ते बंद कसे होते, हे प्रथम ऐकताना काय वाटले असेल? आपल्या मराठीने संस्कृताचे उपसर्ग तयार शब्दांसह घरात ठेवले, परंतु रोजच्या कामाला निराळीच तजवीज केली: एका क्रियापदामागे दुसरे उभे केले. खाऊन टाकणे, रडून घेणे, सांगून ठेवणे, यांत टाकलेले, घेतलेले किंवा ठेवलेले असे काहीच नसते. 'तंबाखू गिव्ह अप केली' याला अस्सल मराठी प्रतिशब्द 'सोडून दिली' हा आहे. आणि दिली ती कोणाला, असे एखाद्या इंग्रजाने विचारले तर आपणही आमच्या मास्तरांसारखेच गप्प बसू. बखरकाराच्या 'गिव्ह'मधून जसा घेणारा निघून गेला, तसाच तो आपल्या 'देणे'मधूनही, कोणाच्या ध्यानी न येता, निघून गेलेला आहे.

त्या मुलाच्या वहीतील दिव्याकडे पुन्हा वळावेसे वाटते. 'पुट'चा जुना अर्थ ढकलणे असा होता. आणि इंग्रज जसा दिवा 'वेंट आउट' म्हणतो, तसे आपणही 'दिवे गेले' असेच म्हणतो. मुलाची चूक झाली ती एवढीच, की बाहेर घालविली होती ज्योत आणि त्याने उचलून बाहेर ठेवली समई. त्याला हे समजावून देण्यास इंग्रजी कोशाची गरजच नव्हती. 'निर्' म्हणजे बाहेर आणि 'वा' म्हणजे वाहणे किंवा फुंकणे; या दोहोंतून दिवा विझण्यासाठी संस्कृताने शब्द घडविला तो 'निर्वाण', आणि इंग्रज फुंकरीने दिवा मालवतो तेव्हा जे 'ब्लो आउट' म्हणतो ते तुकड्याला तुकडा जुळवून तेच आहे. तांबड्या शाईने 'विझवला' लिहिणाऱ्या आमच्या मास्तरांच्या पुढच्याच तासाला, त्याच बाकांवर, पंतोजी आम्हाला बुद्धाच्या निर्वाणाचा धडा शिकवीत असत. पण दोन तासांच्या मधली ती भिंत कोणी काढली नाही.