बारा फोटोंचं लग्न



गेल्या महिन्यात सकाळची सामायिक आटोपून उठते तोच माझ्या बालमैत्रिणीचा फोन आला. तिच्या काकी गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी श्रद्धांजली सभा होती आणि बॅनरवर लावायला घरात काकींचा एकही फोटो सापडत नव्हता. ती म्हणाली, "माझ्या लग्नाचा सगळा अल्बम चाळला गं. गावातली सगळी माणसं आहेत, फक्त काकी नाहीत."

लग्नाच्या फोटोत कोण असतं आणि कोण नसतं, हा प्रश्न तेव्हापासून मनात घोळतो आहे. म्हणून आज थोडा इतिहास सांगते, मग माझी गोष्ट.

फोटो काढण्याची कला जगापुढे आली ती १८३९ साली, पॅरिसमध्ये. राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं १८४० मध्ये, पण त्याचा फोटो नाही. नवऱ्याबरोबरचा तिचा जो फोटो लग्नाचा म्हणून दाखवतात, तो चौदा वर्षांनंतर, १८५४ साली काढलेला. त्याच वर्षी आपल्या मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी यांना या कलेची आवड होती. पण तेव्हा काचेच्या प्लेटवर फोटो निघायचा आणि तोवर हलायचं नाही, अशी अट. लग्नघरात कोण हलत नाही? १८५८ साली राणीच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी आईवडील आणि नवरी असा फोटो काढला, त्यात खुद्द राणीच हलल्यामुळे पुसट आली आहे.

या इतिहासातलं एक मोठं नाव आपल्या समाजातलं आहे, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. राजा दीनदयाळ हे मेरठजवळच्या सरधन्याचे, जैन कुटुंबात १८४४ साली जन्मलेले. रुरकीला इंजिनिअरिंग शिकले, इंदूरला नोकरी केली आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर झाले. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. मला सगळ्यांत भावतो तो त्यांचा १८९२ मधला जनाना स्टुडिओ. पडद्यातल्या स्त्रियांना परक्या पुरुषासमोर बसता येत नव्हतं, म्हणून हैदराबादेत त्यांनी खास बायकांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला आणि तो एका इंग्रज बाईच्या हाती सोपवला. म्हणजे बाईचाही फोटो निघायला हवा आणि त्यासाठी मागे कॅमेऱ्यापाशी बाईच हवी, हा विचार सव्वाशे वर्षांहून जुना आहे. पुढे होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या आणि वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून नावाजल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आमच्या पाटसला हे सगळं फार उशिरा पोचलं. रेल्वे आली, सोलापूर रस्ता आला, पण लग्नाचा फोटोग्राफर बाहेरून बोलवावा लागे. तो लग्नाच्याच दिवशी येई, फ्लॅश उडवून ग्रुप फोटो काढी आणि जाई. पुढे जाड काळ्या पानांचा अल्बम मिळे, फोटोंना चार कोपरे लावलेले आणि मध्ये पातळ कागद.

मैत्रिणीची सगाई झाली १९८० च्या दिवाळीनंतर, चातुर्मास उठल्यावर. लग्न १९८१ च्या वैशाखातलं. मी नुकतीच बी. कॉम. झाले होते. दादाकडे आग्फा क्लिक थ्री हा डबा कॅमेरा होता. तो मी सहा महिन्यांसाठी मागून घेतला. एका रोलमध्ये बारा फोटो. मागच्या लाल खिडकीत आकडा बघत रोल पुढे सरकवायचा. माणूस दहा फूट लांब हवं आणि ऊन हवंच. दुसरा रोल परवडणारा नव्हता, म्हणून मी वहीत चक्क अंदाजपत्रक मांडलं. सगाईला तीन, पापड-शेवयांच्या गडबडीला दोन, पीठीला दोन, मायऱ्याला दोन, लग्नाला दोन आणि बिदाईला एक. जमाखर्च बरोबर जुळला.

मैत्रिणीला लहानाचं मोठं केलं ते काकींनी. एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेल्या. घरातली लोणची, पापड, आल्यागेल्याचा सूर्यास्ताआधीचा स्वयंपाक, सगळं त्यांच्याकडे. पण पीठी लावायला त्या पुढे यायच्या नाहीत. मी अंगणात कॅमेरा धरला, तेव्हा हळदीची वाटी आणून देणाऱ्या काकी आपण होऊन बाजूला सरकल्या. मी "काकी, थांबा ना" म्हणू शकले असते. म्हटलं नाही. बटण दाबलं. त्या फोटोत वाटी धरलेला एक हात तेवढा दिसतो.

ते मला लागून राहिलं. लग्नाच्या दिवशी सगळ्या सुवासिनी मांडवात नवरीभोवती होत्या. काकी मागच्या अंगणात शिदोरीचे डबे बांधत होत्या. नवरीच्या ओढणीला गोटा त्यांनीच लावलेला, तरी ती ओढून द्यायला त्या आल्या नाहीत. बिदाईआधी मैत्रीण धावत मागे गेली आणि त्यांच्या पाया पडली. काकींनी दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले. माझ्याकडे एकच फोटो उरला होता. ऊन कलत होतं. मी तो तिथे खर्च केला.

त्यामुळे बिदाईचा फोटो निघालाच नाही. मैत्रीण पुढे कित्येक वर्षं मला बोलत राहिली, "शेवटचा फोटो वाया घालवलास."

परवा फोन ठेवला आणि कपाटातला जुना स्टीलचा डबा काढला. निगेटिव्ह शाबूत होती. नातवाने दौंडला नेऊन मोठी करून आणली. श्रद्धांजली सभेत तोच फोटो लागला, काकी एकट्या कापून काढलेल्या नव्हत्या, डोक्यावर हात ठेवलेली नवरीही तशीच ठेवली. सभेनंतर मैत्रीण माझा हात धरून बराच वेळ बसली. बोलली काहीच नाही.

विधवा विवाहाचा कायदा १८५६ सालचा. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवांना कमी लेखणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला २०२२ मध्ये. पाठोपाठ राज्य सरकारनेही इतर गावांना तसं आवाहन केलं. कायदा आणि ठराव यांच्यात १६६ वर्षं गेली. आपल्या मांडवात अजून किती जाणार, हे आपल्या हातात आहे.

आता लग्नाआधीच डोंगरावर, समुद्रावर जाऊन शूटिंग होतं. हजारो फोटो निघतात. काही ठिकाणी समाजाने त्याला बंदी घालायचेही ठराव केले. मी त्या वादात पडत नाही. परिग्रहाला मर्यादा हवी हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. पण हजार फोटोंतही मागच्या अंगणातली बाई नसेल, तर तो अल्बम माझ्या बारा फोटोंपेक्षा रिकामा.

तेव्हा पुढच्या लग्नात एवढं करा. फोटोग्राफरला आधीच सांगा की आमच्या घरातल्या अमुक काकी, अमुक भुवा, हाताला धरून मधोमध उभ्या करायच्या. त्या नको म्हणतील, बाजूला सरकतील. त्यांना सरकू देऊ नका.

पीठीच्या दिवशी मी सरकू दिलं होतं. काकी, मिच्छामि दुक्कडं.