घर, गिरणी आणि मधली वाट



मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढले शिक्षण झाले ते कारखान्यांच्या दारांत आणि लोकलच्या डब्यात. राजांचा व लढायांचा इतिहास या व्यासपीठावरून पुष्कळांनी सांगितला आहे. मी आज एका साध्या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. कामकरी माणूस राहतो कोठे, राबतो कोठे, आणि या दोहोंमधल्या वाटेचा भार सोसतो कोण?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली उतारूगाडी गेली, हे शाळकरी पोरही जाणते. अंतर ३४ किलोमीटर. परंतु गिरण्यांत राबायला रत्नागिरीकडून व साताऱ्याकडून जो माणूस आला, तो गाडीने रोज ये-जा करीत नव्हता. भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर, परळ-लालबागच्या चाळीत तो राहिला. एका खोलीत दहा-बाराजण, जेवण खानावळीत, बायकोमुले गावी. त्याची ये-जा शिमग्याला नाहीतर गणपतीला. घरचे निम्मे पोट गावची जमीन भरी, आणि म्हणूनच मालकाला मजुरी तोकडी ठेवता येई. दूर राहणाऱ्या घराचा फायदा तेव्हाही कोणाला होत होता, हे ध्यानात घ्या.

रोजचे जाणे-येणे खऱ्या अर्थाने वाढविले ते विजेने. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली. पश्चिमेकडे १९२८ मध्ये वीज बोरिवलीस आणि १९३६ मध्ये विरारला पोहोचली. विजेची गाडी झटकन वेग घेते, झटकन थांबते, आणि शेवटच्या स्टेशनात इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावण्याची खटपट उरत नाही. त्यामुळे एकामागून एक गाड्या सोडता येऊ लागल्या. १ जून १९३० ला सुरू झालेली डेक्कन क्वीन आरंभी शर्यतीच्या शौकिनांची, आठवडाअखेरची गाडी होती. पुढे ती पुण्याहून रोज मुंबईस जाणाऱ्या पासवाल्या नोकरदारांची झाली, आणि तेच लोक दर १ जूनला तिचा वाढदिवस करू लागले. श्रीमंतांसाठी निघालेली वस्तू चाकरमान्यांनी अशी आपलीशी केल्याची दुसरी उदाहरणे मला फारशी आठवत नाहीत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यांत होते. त्यांची गिरणी पुन्हा उघडली नाही. चाळीतली खोली गेली आणि आम्ही बदलापूरला आलो. वडील मुंबईतच पहारेकरी झाले. आधी कामाला पाच मिनिटे चालत जाणारा माणूस जाऊन-येऊन चार तास गाडीत उभा राहू लागला. कारखान्याच्या कायद्याने १९४८ साली दिवसाचे नऊ तास ठरवून दिले होते. हे चार तास कोणत्याही हजेरीपटात नव्हते. पुढे गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उठले, आणि त्याच कामगारांची मुले कर्जत-कसाऱ्याहून त्या मनोऱ्यांची फरशी पुसायला येऊ लागली. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली. रूळ लांबला की वस्ती लांबते, आणि माणसाची झोप आखूड होते.

या वाटेला कायद्याने स्पष्ट ओळख दिली २०१० साली. कामगार राज्य विमा कायद्यात दुरुस्ती होऊन, कामावर जाता-येतानाचा अपघात हाही कामातलाच अपघात मानला गेला. हे पटायला दीडशेहून अधिक वर्षे लागली!

आणि मार्च २०२० मध्ये लोकलच थांबली. १५ जूनला ती अत्यावश्यक सेवेतल्या लोकांपुरती सुरू झाली. लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या सर्वसामान्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून मुभा मिळाली. त्या काळात कारकून घरी संगणकापुढे बसला. झाडूवाला व परिचारिका मात्र मिळेल त्या बसने, उभ्याने गेली. घरून काम ही सवलत हाताच्या नव्हे, टेबलाच्या कामाला मिळाली. आज पुष्कळ कचेऱ्या आठवड्यातून दोन-तीन दिवस बोलावतात. पास मात्र अख्ख्या महिन्याचाच काढावा लागतो.

लोक याला नवलाई म्हणतात. सोलापूरच्या विडी कामगार बायकांना विचारा. पान-तंबाखू घरी आणायची, वळलेल्या विड्या मोजून द्यायच्या. घर, दिवा आणि कंबर त्यांची स्वतःची. ठेकेदार म्हणे, या आमच्या कामगारच नव्हेत. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार ठरविले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा नव्या संहितेत विलीन झाला. पण त्यातला मुद्दा जुना झालेला नाही.

आमच्या शेजारची एक मुलगी घरी बसून परदेशी कंपनीचे काम करते. रात्री दीडला तिच्या खिडकीत उजेड असतो. विजेचे बिल तिचे, खुर्ची तिची. परवा तिने विचारले, "काका, आमची सभा भरवायची तरी कोठे? आमच्या कारखान्याला दारच नाही."

मी म्हटले, "सोलापुरात माल जमा करायच्या वेळी बायका ओट्यावर बसत, तेथेच आम्ही बोलत असू. तुमचा माल कोठे जमा होतो, ते आधी मला दाखव."

तिने फोन पुढे केला. मी चष्मा काढून पुसला आणि तिच्याजवळ बसलो.