औषध होते, रुग्णही होते, गिऱ्हाईक नव्हते

क्लिनिकल ट्रायल हा शब्द निघाला की आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी पहिले वाक्य येते ते "गरिबांवर प्रयोग करतात" हे. ते हवेतून आलेले नाही. २००९ साली आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प चालला, तेव्हा कित्येक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. तेव्हा हा संशय सोडून द्या, असे आम्ही म्हणणार नाही. पण तो अर्धाच आहे. ज्यांच्या आजारावर कोणी ट्रायलच करत नाही, त्यांचे काय? याचे उत्तर शोधायला आफ्रिकेत जावे लागते.

मध्य आफ्रिकेतला निद्रारोग त्से-त्से माशीच्या चाव्यातून होतो. परजीवी आधी रक्तात आणि मग मेंदूत शिरतो. माणूस दिवसा पेंगतो, रात्री भटकतो, घरच्यांना ओळखेनासा होतो, आणि उपचार झाला नाही तर जवळपास हमखास मरतो. यावरच्या औषधांचा इतिहास विषाचाच आहे. १९०६-०७ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या रुग्णांना अॅटॉक्सिल हे आर्सेनिकयुक्त औषध वाढत्या मात्रेत टोचले आणि काही रुग्ण कायमचे आंधळे झाले. क्षयाचा जंतू शोधल्याबद्दल कॉख शाळेच्या पुस्तकात भेटतात, या आंधळ्या माणसांना मात्र तिथे जागा नाही. १९४९ नंतर मेलार्सोप्रोल आले. तेही आर्सेनिकचेच होते. शिरेतून देताना आग पेटल्यासारखी होई, आणि शंभरातले पाचेक रुग्ण त्या औषधानेच दगावत. तरीही डॉक्टर ते देत राहिले, कारण आजार मेंदूत पोहोचल्यावर हाताशी दुसरे काही नव्हते.

एफ्लॉर्निथिन जन्मले ते कॅन्सरसाठी. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मेरेल कंपनीच्या स्ट्रासबर्ग इथल्या प्रयोगशाळेत ते तयार झाले. पेशींच्या वाढीला लागणारे एक एन्झाइम ते बंद पाडते. कॅन्सरवर तेव्हा फारसे यश आले नाही. १९८० साली न्यूयॉर्कच्या पेस विद्यापीठातल्या सायरस बाकी यांच्या गटाने निद्रारोगाच्या जातकुळीतला परजीवी टोचलेल्या उंदरांना ते दिले आणि उंदीर बरे झाले. पुढे सुदानमध्ये माणसांवर वापर झाला. बेशुद्ध पडलेले रुग्ण उठून बसू लागले, म्हणून त्याला 'मेलेल्यांना उठवणारे औषध' असे नाव पडले. १९९० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने निद्रारोगासाठी त्याला मान्यता दिली.

आणि काही वर्षांतच कंपनीने उत्पादन थांबवले. औषध फसले होते का? नाही. ज्यांना ते हवे होते त्यांच्या खिशात पैसे नव्हते. त्याच दशकात, १९९८ साली, निद्रारोगाचे जवळपास ३८ हजार रुग्ण नोंदले गेले. न नोंदलेले याच्या कितीतरी पट असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. २००० साली हेच एफ्लॉर्निथिन अमेरिकेच्या बाजारात परतले, बायकांच्या चेहऱ्यावरचे नको असलेले केस कमी करणारे क्रीम म्हणून! राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विरोधाभास बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडला होता. औषधाच्या बाजारात तो असा उघडा पडतो.

पुढची गोष्ट कंपनीच्या दानशूरपणाची म्हणून सांगितली जाते. ते आम्हाला मान्य नाही. 'मेदसाँ साँ फ्राँतिएर' ही डॉक्टरांची संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षे मागे लागल्या होत्या. क्रीमच्या विसंगतीवर बोट ठेवले गेले, वर्तमानपत्रांतून बोंब झाली, तेव्हा कुठे २००१ मध्ये अॅव्हेंटिसने पाच वर्षांच्या पुरवठ्याचा करार केला.

औषध आले तरी अडचण उरलीच. दर सहा तासांनी सलाईन, सलग चौदा दिवस, म्हणजे एका रुग्णाला छप्पन्न वेळा. जंगलातल्या दवाखान्यात मोजक्या नर्स असतात, त्यांनी हे रात्रंदिवस कसे निभवायचे? इथून निघालेली ट्रायल आम्हाला महत्त्वाची वाटते. दक्षिण अमेरिकेतल्या चागास रोगावरचे बायरचे जुने औषध, निफर्टिमॉक्स, गोळ्यांच्या रूपात जोडीला दिले तर सलाईन कमी करता येतील का, हा तिचा प्रश्न होता. दोन्ही काँगोंमध्ये २८७ रुग्णांवर ती झाली. तुलनेच्या गटाला आर्सेनिक किंवा नुसते पाणी दिले नाही, तेव्हाचा चांगल्यात चांगला उपचार दिला. २००९ मध्ये निकाल छापून आला: जोडऔषधाने ९६.५ टक्के बरे झाले, एकट्या एफ्लॉर्निथिनने ९१.६ टक्के, आणि छप्पन्न सलाईनची चौदा झाली. रुग्ण गरीब, काळे, खेड्यातले, पण प्रश्न त्यांचा होता आणि फायदाही त्यांनाच मिळाला. खम्मम आणि हे, दोन्हीला 'गरिबांवर प्रयोग' म्हणून एकाच पोत्यात भरता येत नाही.

गंमत म्हणजे ही दोन्ही औषधे पुढे लहान मुलांच्या कॅन्सरकडे वळली. न्यूरोब्लास्टोमा ही मज्जापेशींची गाठ बहुतेक वेळा पाच वर्षांखालच्या मुलांना होते. अमेरिकेत अशा एका लहान रुग्णाला चागासही होता. त्यासाठी निफर्टिमॉक्स दिले तर गाठीवरही परिणाम दिसला, आणि त्यातून ट्रायल सुरू झाल्या. मान्यता मात्र मिळाली एफ्लॉर्निथिनला. डिसेंबर २०२३ मध्ये एफडीएने जास्त धोक्याच्या न्यूरोब्लास्टोमासाठी, आजार उलटू नये म्हणून, त्याच्या गोळ्यांना परवानगी दिली. इथे चिठ्ठी टाकून दोन गट केलेले नव्हते. औषध घेतलेल्या मुलांची तुलना आधीच्या एका ट्रायलमधल्या मुलांशी केली होती. त्यामुळे सल्लागार समितीत १४ विरुद्ध ६ अशी फूट पडली. दुर्मीळ आजारात असे करावे लागते हे आम्ही समजू शकतो. पण "आफ्रिकेतली ट्रायल म्हणजे कच्ची, अमेरिकेतली म्हणजे पक्की" हा समज ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत.

२००३ साली अशा दुर्लक्षित आजारांसाठी 'डीएनडीआय' ही ना-नफा संस्था उभी राहिली. आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद तिच्या संस्थापकांपैकी एक. अडगळीत पडलेले फेक्सिनिडॅझोल तिने उकरून काढले, आणि काँगो व मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या ट्रायलनंतर २०१८ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने त्याला अनुकूल मत दिले. त्याच वर्षी निद्रारोगाच्या नोंदलेल्या रुग्णांची संख्या हजाराच्या खाली गेली. आता बहुतेकांचे दहा दिवसांच्या गोळ्यांवर भागते. मेंदूवर फार परिणाम झालेल्या थोड्यांना मात्र सलाईनमधले एफ्लॉर्निथिन अजूनही लागते, आणि त्यांच्यासाठी ते कोणीतरी बनवत राहावे लागते.