गावरान, पण कुठल्या गावचं?

सातपूरला आमच्या गच्चीवर जो टोमॅटो होतो, तो घरातल्या सगळ्यांच्या लेखी ‘गावरान’ आहे. चपटा, देठापासून खाली खोल रेघा, साल पातळ, चव चांगलीच आंबट. आजी दर हंगामात एक पिकलेलं फळ राखेत चुरून बी वाळवायची. आई आता ते दोन दिवस पाण्यात आंबवून धुते. (बियांभोवतीचा बुळबुळीत गर उगवण अडवतो, आंबवलं की तो सुटतो.) आजी गेल्यावर बी पुढे चालत राहिलं, पण ते आलं कुठून हे सांगणारं कोणी उरलं नाही.

अशात गिरणाऱ्याच्या मामेभावाने या बियांची पाकिटं विकायचं ठरवलं आणि माझ्याकडे मजकूर पाठवला: ‘अस्सल देशी, शंभर वर्षं जुनं वाण’. माझा धंदा सॉफ्टवेअरचा. लोक पैसे देऊन घेणार त्या पाकिटावर आकडा छापायचा, तर तो तपासायला हवा. कागद एकही नव्हता. होतं ते झाड.

‘देशी’ शब्द आधी निकालात काढू. टोमॅटोचे रानटी भाऊबंद अँडीजच्या पट्ट्यातले. मेक्सिकोत तो घरगुती झाला, सोळाव्या शतकात युरोपात गेला आणि आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला असं मानतात. मराठीत त्याला नाव नव्हतं, म्हणून कोणी त्याला वेलवांगी म्हटलं. विदर्भात भेदरं म्हणतात. वेलवांगी हे नाव मला फार आवडतं, कारण ते शास्त्रालाही धरून आहे. लिनियसने १७५३ साली टोमॅटोला वांग्याच्याच ‘सोलॅनम’मध्ये बसवलं होतं. पुढे फिलिप मिलरने त्याला वेगळं घर दिलं. डीएनए तपासल्यावर शास्त्रज्ञांनी त्याला पुन्हा वांग्याशेजारी आणून ठेवलं. नाव ठेवणाऱ्या आज्यांना डीएनए लागला नव्हता.

आता वय. पहिला प्रश्न, हे बाजारातल्या हायब्रिड फळातून काढलेलं बी तर नाही? भारतात संकरित टोमॅटोचं व्यापारी बियाणं १९७३च्या सुमाराला आलं, बंगळूरच्या इंडो-अमेरिकन हायब्रिड सीड्सचं ‘कर्नाटक’. हायब्रिड फळाचं बी लावलं की पुढच्या पिढीत रूपं फाकतात: एक झाड बुटकं, एक उंच, फळं लांबट, गोल, मोठी, छोटी. मेंडेलच्या वाटाण्याचाच खेळ. आमच्या बियांची मी सलग तीन हंगाम बारा-बारा झाडं लावली, सगळी एकसारखी. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागांनी फळतं, त्यामुळे स्थिरावलेलं वाण असं वर्षानुवर्षं टिकतं.

दुसरी खूण वाढीची. १९१४ साली फ्लोरिडात एक झाड सापडलं, ज्याची वाढ ठरावीक उंचीवर आपोआप थांबत होती. तो गुण पुढे शेकडो वाणांत शिरला. आमचं झाड थांबायला तयार नसतं; सुतळी संपते, ते वाढतच राहतं. तिसरी खूण सालीची. पिकल्या फळाची साल सोलून उजेडात धरली तर पिवळसर दिसते, म्हणजे हा लाल टोमॅटो. गुलाबी टोमॅटोची साल बिनरंगी असते.

न थांबणारी वाढ, चपटं फळ, रेघा, लाल रंग: हे वर्णन दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या ‘पुसा रुबी’शी बरंच जुळतं. पुसा रुबी हा ‘सू’ आणि ‘इम्प्रूव्ह्ड मेरुती’ या वाणांचा संकर, पण निवड करत स्थिर केलेला. मेरुती आपल्या मेरठचा. सू अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाने १९४४ साली दिलेला. पुसा हे गाव बिहारमधलं. १९३४च्या भूकंपात तिथली इमारत पडली, संस्था दिल्लीला आली आणि गावाचं नाव सोबत घेऊन आली. म्हणजे गावरान खरंच एका गावाचं निघालं, फक्त गाव आमचं नव्हतं.

माझ्या आईला हे अजिबात आवडलं नाही. ‘मग तुझी आजी काय सरकारी बी सांभाळत होती?’ मला यात कमीपणा वाटत नाही. वाण सोडते संस्था. पण साठ-सत्तर वर्षं दरसाल सर्वांत चांगलं फळ न खाता बाजूला ठेवतं ते घर.

तरीही खात्रीसाठी पुसा रुबीचं पाकीट आणून शेजारी लावलं. झाडं जुळ्यासारखी. फळं मात्र नाहीत: पाकिटातल्यांच्या रेघा उथळ, आमच्यांच्या खोल, आणि आंबटपणात आमची पुढे. मग हा पुसा रुबीच, आमच्या निवडीने थोडा बदललेला? की मेरुतीसारख्या एखाद्या जुन्या वाणाची पोर? गच्चीवरच्या बारा कुंड्यांतून याहून पुढे जाता येत नाही.

२००१च्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, वाटायचा, विकायचा हक्क आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून मात्र विकता येत नाही. म्हणून मामेभावाला ही सगळी चौकशी ऐकावी लागली. ‘शंभर वर्षं’ त्याने खळखळ करत काढलं. ‘देशी’वर अजून भांडण चालू आहे. सध्याच्या पाकिटावर एवढंच आहे: सातपूरची वेलवांगी. लाल, चपटी, आंबट. आधार द्यावा लागतो.