जुनी कँपर व्हॅन आणि वीतभर नळी

उन्हाळा आला की आपल्यातलं एखादं कुटुंब जुनी फोक्सवॅगन कँपर व्हॅन भाड्यानं घेतं, नाहीतर हौसेनं विकतच घेतं. तुमचाही तसा बेत असेल तर तिचा इतिहास आधी ऐका. या गाड्यांना मागून आग का लागते, याचं उत्तर त्यातच आहे.

एप्रिल 1947 मध्ये बेन पॉन या डच व्यापाऱ्यानं वहीत एक डबा रेखाटला: चालक पुढे, इंजिन मागे, मधे सामान. मार्च 1950 मध्ये वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात त्याचं उत्पादन सुरू झालं. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीनं त्यात बिछाना आणि ओटा बसवायला सुरुवात केली. इस्तंबूल, तेहरान, काबूल करत हिप्पी गोव्याला आले, त्यांतले कित्येक याच गाडीतून. 1979 मध्ये इराणातली क्रांती आणि अफगाणिस्तानातलं युद्ध यांनी ती वाट बंद झाली.

इंजिन बीटलचंच. रेडिएटर नाही, पंखा हवा फेकतो आणि इंजिन थंड राहतं. वजन कमी राहावं म्हणून क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. पेट्रोलची टाकीही मागेच, इंजिनाला लागून. या दोघांना जोडते ती कापडी विणीची रबरी नळी. आतलं रबर चिरलं तरी वरचं कापड धडधाकट दिसतं. एक दिवस थेंब ठिबकतो, खाली तापलेलं लोखंड असतं, शेजारी डिस्ट्रिब्युटरची ठिणगी. चालक तीन-चार मीटर पुढे बसलेला. मागची गाडी हॉर्न वाजवते तेव्हा त्याला कळतं.

मॅग्नेशियम एकदा पेटलं की पांढऱ्याशुभ्र ज्वाळा उठतात. त्यावर पाणी टाकलं तर त्यातून हायड्रोजन सुटतो आणि आग विझण्याऐवजी भडकते.

1975 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्हॅनमध्ये प्रदूषणाच्या नियमांमुळे कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आलं. हवा स्वच्छ झाली, पण नळीतला दाब कितीतरी पटींनी वाढला. आधी पेट्रोल ठिबकायचं, आता नळी फुटली तर फवारा उडतो.

मग आलं इथेनॉल. जर्मनीत 2011 पासून आणि ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. दोष इथेनॉलच्या माथी मारू नका, मात्र. ब्राझीलमध्ये हीच व्हॅन 2013 पर्यंत बनत होती आणि शेवटची काही वर्षं नुसत्या इथेनॉलवरही चालत होती, कारण तिचे भाग त्यासाठीच घडवलेले होते. इंधन बदललं आणि नळी तीच राहिली, की घोटाळा होतो.

ब्रिटनमधल्या वाचकांनो, आणखी एक. मोठे फेरफार न झालेल्या, 40 वर्षांहून जुन्या गाड्यांना 2018 पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे ज्या गाडीची नळी सगळ्यात जुनी, तिच्याकडे पाहायला कायद्यानं कोणी बांधील नाही. ते काम तुमचं.

भाड्यानं घेत असाल तर मालकाला विचारा, नळ्या शेवटच्या कधी बदलल्या? त्याला वर्ष सांगता आलं नाही, तर दुसरी गाडी पाहा. स्वतःची असेल तर टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या नळ्या एकदम बदला, इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, क्लिपा आवळा आणि तारीख लिहून ठेवा. पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालू करू नका. अग्निशामक चालकाच्या हाताशी ठेवा. पण धूर दिसला तर इंजिन बंद करून आधी मुलांना बाहेर काढा. आत गॅसचा सिलिंडर आणि पडदे असतात, हे विसरू नका. आग हाताबाहेर गेली तर लांब उभे राहा आणि बंबवाल्यांना इंजिन मॅग्नेशियमचं आहे हे सांगा.

आणि घरी फोन कराल तेव्हा बाबांच्या जुन्या स्कूटरचीही चौकशी करा. भारतातलं पेट्रोल आता 20 टक्के इथेनॉलचं आहे. आपल्याकडच्या उसाचंही त्यात आहेच. स्कूटरची नळी मात्र बहुधा जुनीच असेल.